सही कुणाची? स्मृतिभ्रंशावरच्या औषध-चाचणीत जाण्याआधी

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पोस्टात ३६ वर्षं काढली. मनिऑर्डरचा फॉर्म कुणी अर्धवट भरून दिला की ते खिडकीतून तसाच परत करायचे. त्यामुळे हॉस्पिटलमधल्या बाईंनी संमतिपत्राचा जाडजूड गठ्ठा पुढे सरकवून "इथे, इथे आणि शेवटच्या पानावर" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी खिशातलं पेन काढलं खरं, पण सही केली नाही. पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अल्झायमरचं निदान होऊन तेव्हा चार महिने झाले होते. सकाळी पोहे खाल्ले की उपमा हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण न वाचता सही करायची नाही हे हाडीमाशी मुरलेलं होतं.

तिसऱ्या पानावर त्यांचं पेन थांबलं. वाक्य होतं, "सदर अन्वेषणात्मक उत्पादनाच्या अनुषंगाने सहभागीचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." अण्णांनी त्याखाली रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. मलाही ते कळलं नव्हतं.

त्याचा अर्थ अगदी साधा आहे. कुणाला खरं औषध द्यायचं आणि कुणाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. चिठ्ठी संगणक काढतो. तुमच्या वाट्याला काय आलं हे पेशंटला कळत नाही, घरच्यांना कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कळत नाही. जिवावर बेतलं तर ती माहिती तातडीने उघडायची सोय असते, एरवी सगळं संपेपर्यंत ती बंद. त्या बिन-औषधाच्या गोळीला प्लासिबो म्हणतात. आपण डमी म्हणू.

एवढं सरळ मराठीत लिहायला काय हरकत होती, या रागातूनच मी हे लिहायला बसले. भारतात ६० च्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी अंदाज आहे. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यावरची औषधं अजून शोधली जात आहेत, म्हणजे "चाचणीत येता का?" हा प्रश्न आपल्या घरांपर्यंतही येणार. तो आला की आपण भलत्याच गोष्टी विचारतो. मीही विचारल्या होत्या. "औषध चांगलं आहे ना?" हा माझा पहिला प्रश्न होता. ते चांगलं आहे हे ठाऊक असतं तर चाचणी कशाला घेतली असती?

इथेच पहिली गाठ सुटते. आपला नेहमीचा डॉक्टर विचार करतो, या माणसासाठी काय बरं? चाचणीत विचारलं जातं, हे औषध अशा माणसांवर चालतं का? दोन्ही प्रश्न बऱ्याचदा एकाच खोलीत, एकाच डॉक्टरच्या तोंडून येतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. आशेपोटी आपणच दोन्हींची सरमिसळ करतो.

औषध 'चाललं' म्हणजे नेमकं काय झालं, हेही आधी ऐकून घ्यावं. लेकॅनेमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. १,७९५ माणसं, १८ महिने, दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध. आजाराची पायरी मोजायला १८ गुणांची पट्टी होती आणि तिच्यात गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. डमी मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. म्हणजे दोन्ही गट खालीच गेले, एक थोडा सावकाश गेला. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली. बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींना जाणवला. आणि हे यश मानलं गेलं. कित्येक वर्षांच्या अपयशानंतरचं म्हणून ते मोठंही होतं. पण अण्णांना नातीचं नाव परत आठवायला लागेल या आशेने कुणी जाणार असेल, तर त्याने हा ०.४५ आधी समजून घ्यावा.

डमी वाट्याला आली म्हणजे नशीब फुटलं, असंही समजायचं कारण नाही. सेमागासेस्टॅट नावाच्या गोळीच्या दोन चाचण्यांत मिळून २,६०० हून जास्त माणसं होती. २०१० मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. गोळी घेणाऱ्यांची अवस्था डमी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडत होती आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाणही वाढलं होतं. डमीचा गट नसता तर ही घसरण आजारामुळे की गोळीमुळे, हे कळायला मार्गच नव्हता. स्मृतिभ्रंशात तर हे फारच खरं. आज चांगला दिवस, उद्या वाईट. शिवाय दर महिन्याला कुणी आपुलकीने विचारपूस केली, बीपी-शुगर पाहिली, की एवढ्यानेही माणूस काही दिवस तरतरीत दिसतो.

चाचणीचे टप्पे थोडक्यात सांगते. पहिल्यात मोजक्या लोकांवर औषध सुरक्षित आहे का ते बघतात, दुसऱ्यात मात्रा आणि परिणामाचा अंदाज घेतात, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर डमीशी तुलना करतात आणि चौथा बाजारात आल्यानंतरचा. तुमच्यापुढे कुठला टप्पा आहे हे विचारा. पहिल्या आणि तिसऱ्यात जोखमीचं अंतर फार असतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. स्मृतिभ्रंशाच्या चाचणीत एक माणूस जात नाही, दोन जातात. पेशंटबरोबर एक सोबती लागतो आणि तो कागदोपत्री नोंदवलेला असतो. आठवड्याचे ठरावीक तास, बऱ्याचदा किमान दहा, त्याने पेशंटबरोबर घालवलेले असावे लागतात, आणि शक्यतो शेवटपर्यंत तोच सोबती राहावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे आई चार महिने थोरल्याकडे आणि चार महिने धाकट्याकडे असते. ज्याच्याकडे नाही तो फोनवर विचारतो. अशा घराने आधी आपसात बसून ठरवावं की सोबती कोण आणि त्याला दीड-दोन वर्षं सुट्ट्या मिळणार का. नाहीतर सहाव्या महिन्यात सगळं मोडतं आणि दोष सुनेच्या माथी येतो.

या सोबत्याचं काम नुसतं रिक्षा करून आणण्याचं नसतं. ती १८ गुणांची पट्टी आठवा. तिच्यात सहा गोष्टी पाहतात: स्मरणशक्ती, स्थळकाळाचं भान, निर्णय घेणं, घराबाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि छंद, स्वतःची स्वच्छता. हे गुण मोठ्या प्रमाणात सोबत्याच्या मुलाखतीवरून ठरतात. म्हणजे ज्या ०.४५ वर औषधाचं भवितव्य टांगलेलं होतं, ते शेकडो बायकांच्या, नवऱ्यांच्या, मुलींच्या उत्तरांतून निघालेलं होतं.

माझी मुलाखत झाली तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. समोरच्या मुलीने विचारलं, "गेल्या महिन्यात काका एकटे दुकानात गेले होते का?" मी म्हटलं, "हो, रोज दूध आणतात." "पैसे बरोबर देतात? सुटे परत आणतात?" मी म्हटलं, "हो." खरं असं होतं की कोपऱ्यावरचा दुकानदार वहीत लिहून ठेवायचा आणि महिनाअखेरीला मी हिशेब मिटवायचे. दोनदा अण्णा पिशवी तिथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी आले होते. मला हे सगळं माहीत होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे पै-पैनिशी मोजून दिले, त्याला सुटे पैसे कळत नाहीत हे परक्या मुलीपुढे माझ्या तोंडून निघेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. घरी आल्यावर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "ताई, बरेच जण असंच करतात. बरं झालं सांगितलंत."

सोबत्याने एक वही ठेवावी. तारीख आणि काय घडलं, दोन ओळी. कारण झाकणं जितकं घातक तितकंच ऐनवेळी न आठवणंही.

निवड होण्याआधी बऱ्याच तपासण्या असतात आणि त्या सुरू व्हायच्या आधीच संमतिपत्रावर सही घेतात. तीस गुणांची स्मरणशक्तीची परीक्षा, रक्त, ईसीजी, एमआरआय, काही चाचण्यांत पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी. घरातलं प्रत्येक औषध पिशवीत घालून न्यावं, आणि प्रत्येक म्हणजे शेजारच्या काकूंनी दिलेली ब्राह्मीची गोळी, अश्वगंधाचं चूर्ण आणि रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनसुद्धा. "आयुर्वेदिकच आहे, ते काय सांगायचं" असं म्हणून गाळलेली गोष्ट मेंदूत रक्तस्राव होण्याला हातभार लावू शकते.

यात एक अन्याय मला खुपतो. बऱ्याच चाचण्यांना लिहिता-वाचता येणारा पेशंट लागतो, कारण परीक्षाच शिकलेल्यांसाठी बनवलेल्या असतात. शंभरातून सात वजा करत जा, हा प्रश्न ज्या आजीने कधी पाटीच धरली नाही तिची स्मरणशक्ती मोजत नाही, शाळा मोजतो. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये १९९० च्या दशकात शाळेत न गेलेल्या वृद्धांसाठी हिंदीत वेगळी परीक्षा रचली गेली ती याच कारणाने. मराठी घरांतल्या शेतात राबलेल्या आज्या चाचण्यांबाहेर राहिल्या, तर औषध त्यांच्यावर कसं चालतं हे कळणार कसं?

निवडीसाठी आलेल्यांतले बरेच जण या चाळणीत गळतात. तो कुणाचा दोष नसतो, पण घरच्यांना नापास झाल्यासारखं लागतं. याची तयारी ठेवून जावं.

संमतीकडे येते. कायद्याच्या भाषेत ही एकदाची सही नसून सतत चालणारी गोष्ट आहे. नवीन माहिती आली, एखादा दुष्परिणाम कळला, तर पुन्हा सांगून पुन्हा विचारायला हवं. बाहेर पडायचा हक्क कधीही आणि कारण न देता असतो, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. बाहेर पडलात तरी सुरक्षिततेसाठी एक शेवटची तपासणी मात्र करून घ्या. संमतिपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे, आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत.

स्मृतिभ्रंशातली खरी अडचण अशी की होकार देण्याची ताकदच हळूहळू ओसरत जाते. माणसाला खरोखरच समजेनासं झालं तर कायद्याने मान्य असलेला प्रतिनिधी त्याच्या वतीने सही करू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर असं आहे की स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या पण विरोधही न करणाऱ्या मनोरुग्णावर संशोधन करायचं असेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. 'विरोध न करणाऱ्या' हे शब्द ध्यानात ठेवा. सही मुलाची असली तरी आजोबांनी सुई बघून हात मागे ओढला, तर तो नकार आहे. त्याला हट्ट म्हणू नये.

पण निदान झालं म्हणजे माणसाला काही कळत नाही, असं धरून चालणं सर्वांत वाईट. बहुतेक औषध-चाचण्यांना आजाराच्या सुरुवातीच्या पायरीवरचेच लोक हवे असतात, आणि त्या पायरीवर माणूस आपला निर्णय आपण घेऊ शकतो. "साठी बुद्धी नाठी" म्हणत आपण दोन-तीन वर्षं घालवतो आणि मग दवाखाना गाठतो. तोवर चाचणीची दारंही बंद झालेली असतात आणि माणसाचा स्वतःचा होकारही हातून गेलेला असतो.

आमच्याकडे कॅमेरा होता. नवीन रेणूच्या, म्हणजे आधी कुठेच मंजूर न झालेल्या औषधाची चाचणी असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला, म्हणजे स्वतःचं हित जपणं ज्याला जड जातं असा असेल, तर संमतीची सगळी प्रक्रिया चित्रित करावी लागते. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा." मी मदतीला तोंड उघडलं, त्यांनी मला हातानेच थांबवलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन डब्या आहेत. एकीत औषध, एकीत नुसता खडू. मला कुठली मिळाली ते तुम्हालाही माहीत नसणार. आणि मी बरा होईन असं कुणी म्हटलेलं नाही." त्यानंतर त्यांनी सही केली. पोस्टातली, शेवटी दोन टिंबं देऊन.

हा कॅमेरा असाच आलेला नाही. माणसांना न सांगता, धड न समजावता त्यांच्यावर चाचण्या केल्याच्या तक्रारी देशभरातून येत होत्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले आणि चित्रीकरणाची सक्तीही त्याच वर्षी आली. आज २०१९ चे नियम लागू आहेत. प्रत्येक चाचणीवर नैतिकता समिती असते. तिच्यात किमान सात सदस्य, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, आणि एक तरी सामान्य नागरिक लागतो. या समितीचा फोन नंबर तुमच्या प्रतीवर असतो आणि तो वापरण्यासाठीच असतो.

फॉर्मवर वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. "हे काय एनएससी आहे?" अण्णा म्हणाले. कारण असं की चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई नॉमिनीला मिळते. मूळ रक्कम ८ लाख रुपये धरून वय आणि आजाराची जोखीम यांच्या सूत्राने ती ठरते. चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत ते करावे लागतात. गंभीर काही घडलं तर २४ तासांत सरकारच्या औषध नियामकाला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. म्हणून घरी पडले, चक्कर आली, अचानक गोंधळ वाढला, तर "उद्या बघू" म्हणू नका. रात्री दोन वाजताही फोन करा.

चाचणीत जायला कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. चाचणीचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचं बिल पेशंटला लावायचं नसतं, उलट प्रवासखर्च मिळतो. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मोजलेली घरं मला माहीत आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे अपवाद सोडले, तर स्टेम सेलचा वापर मान्य चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. स्मृतिभ्रंश त्या अपवादांत नाही.

खात्री करायची सोपी वाट आहे. पहिला सहभागी घेण्याआधी प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद व्हावी लागते. २००७ पासून ती सर्वांसाठी खुली आणि फुकट आहे. संमतिपत्रावरचा सीटीआरआय नंबर मोबाइलवर शोधला की चाचणी कुठे चालू आहे, मुख्य डॉक्टर कोण, परवानगी मिळाली की नाही, हे दिसतं. नंबर नसेल तर विचारा, आणि टाळाटाळ झाली तर सही करू नका.

गोळी-सुईची भीती वाटत असेल त्यांनी हेही ऐकावं की सगळ्या चाचण्या औषधांच्या नसतात. फिनलंडमध्ये १,२६० लोकांच्या चाचणीत साधारण निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि बीपी-शुगरवर लक्ष असा कार्यक्रम दिला. २०१५ मध्ये आलेल्या निकालात त्यांची बौद्धिक क्षमता तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली होती. अमेरिकेत ऐकू कमी येणाऱ्या ९७७ वृद्धांवर श्रवणयंत्रांची चाचणी झाली. सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरला तर गावकऱ्यांना काहीही न देता, नुसत्या तपासण्या करत वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. तेही संशोधनच, आणि त्यात जोखीम नगण्य.

अण्णा चाचणीत गेले नाहीत. एमआरआयमध्ये जुन्या, कुणाला न कळलेल्या छोट्या स्ट्रोकची खूण दिसली आणि ते चाळणीत गळले. त्या खुणेमुळे त्यांच्या बीपीची औषधं बदलली, एवढं मात्र झालं. घरी आल्यावर त्यांनी आंतर्देशीय पत्राच्या मापाचा कागद घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: "पुढे कुणी विचारलं तर माझी तयारी आहे. रक्त घ्या. पाठीतून पाणी काढायचं असल्यास आधी मुलीला विचारा. त्या वेळी मी नको म्हटलं तर नको." खाली तारीख, सही, दोन टिंबं. तो कागद त्यांच्या फाइलीत पहिल्या पानावर आहे, एमआरआयच्या रिपोर्टच्याही आधी.